किती अंशांना बरं वाटतं?

प्राथमिक आरोग्य केंद्रात सगळ्यात काटेकोर नजर कशावर असते, तर लसींच्या फ्रीजवर. आतलं तापमान २ ते ८ अंश सेल्सिअस. दोनच्या खाली गेलं तर काही लसी गोठून वाया जातात, आठच्या वर राहिलं तर त्यांची ताकद उतरते. सिस्टर सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत मांडतात. २०१५ मध्ये ‘ईव्हिन’ ही यंत्रणा सुरू झाली आणि पुढे देशभर या फ्रीजना सेन्सर बसत गेले. मर्यादा ओलांडली की थेट मोबाइलवर निरोप येतो. त्याच इमारतीत, भिंतीपलीकडे, तापलेल्या स्लॅबखाली तपासणीसाठी खोळंबलेल्या गरोदर बाईसाठी मात्र असा आकडा कुणी लावलेला नसतो.

यात कुणाचा दुष्टपणा नाही. लसीचं लक्ष्य ठरवणं सोपं असतं. लसीला उन्हाळ्याची सवय होत नाही, ती पदर सैल करत नाही, पंख्याखाली सरकून बसत नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांतही हेच होतं. हवेत किती ओल हवी ते सुताच्या गरजेवरून ठरायचं, कारण कोरड्या हवेत धागा तुटतो. त्या दमट हवेत उभ्या असलेल्या कामगाराचं बघायला नंतर कायदा आणावा लागला. १९४८ च्या कारखाना अधिनियमात कामगाराला ‘वाजवी सुखावह’ वाटेल असं तापमान राखा, असं सांगितलं होतं. वाजवी म्हणजे किती, हा प्रश्न मागे राहिलाच.

हाच प्रश्न आपण तलवाड्यात नेऊ. तलवाडा म्हणजे बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातलं, त्वरिता देवीचं गाव. उत्तरेला गोदावरी, भोवती कापूस आणि ऊस. मे महिन्यात दुपारी पारा चाळिशीच्या वर, पहाटे पंचविशीच्या आसपास. समजा, इथल्या एका शाळेत, आरोग्य केंद्रात किंवा ग्रामपंचायतीच्या सभागृहात तापमान, आर्द्रता आणि हवा मोजणारे सेन्सर लावायचे आहेत. हल्ली अशी उपकरणं फार महाग राहिलेली नाहीत. पण पडद्यावर आकडा आला की लगेच विचारणा होते: हा हिरवा दाखवायचा की लाल? सीमारेषा कुठे ओढायची, हे उपकरण सांगत नाही.

बहुतेक वेळा ही रेषा तयार मिळते, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. डेन्मार्कचे पोव्हल ओले फॅन्गर यांनी १९७० मध्ये माणसाला कधी बरं वाटतं याचं गणित मांडलं. त्यात सहा गोष्टी येतात: हवेचं तापमान, भोवतालच्या भिंती-छताची उष्णता, वाऱ्याचा वेग, आर्द्रता, अंगावरचे कपडे आणि शरीराची हालचाल. गणित उत्तम होतं. पण त्यासाठीचे प्रयोग बंदिस्त, नियंत्रित खोल्यांत झाले होते आणि पुढे ते जगभरच्या वातानुकूलित कार्यालयांचं बायबल बनलं. २०१५ मध्ये दोन डच संशोधकांनी दाखवून दिलं, की या मानकांत शरीराची उष्णता मोजताना साधारण ७० किलोचा, चाळिशीचा पुरुष धरलेला आहे. त्या हिशोबाने बायकांची उष्णता ३५ टक्क्यांपर्यंत जास्त धरली जाते. कार्यालयात शाल घेऊन बसणाऱ्या बायकांना हे संशोधनाआधीच ठाऊक होतं.

भारतात २००५ च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेने उन्हाळ्यासाठी २३ ते २६ अंशांचा पट्टा सांगितला होता. २००८ मध्ये माधवी इंद्रगंटी यांनी हैदराबादच्या सदनिकांमध्ये, घरोघरी, राहत्या माणसांना विचारून पाहिलं. लोकांना बरा वाटणारा पट्टा निघाला २६ ते ३२.४५ अंशांचा, आणि ‘ना गरम ना गार’ असं तापमान सुमारे २९. म्हणजे संहितेचा पट्टा जिथे संपत होता, तिथे लोकांचा सुरू होत होता! बीड निजामाच्या राज्यात होतं तेव्हाची राजधानी हैदराबादच. पठार तेच, उन्हाची जात बरीचशी तीच. तलवाड्याच्या शाळेत कुणी २६ ची रेषा ओढली, तर मार्च ते जून पडदा लालच राहील. आणि सदा लाल दिसणाऱ्या पडद्याकडे आठ दिवसांनी कुणी बघत नाही.

याच्याही आधी, १९८६ मध्ये, रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेतल्या शर्मा आणि अली यांनी इथल्या उन्हाळ्यासाठी एक देशी मोजमाप काढलं होतं. त्याचा सोपा हिशोब तोंडीही करता येतो. ओल्या फडक्याच्या तापमापीवरचा आकडा घ्या, त्याचा एक तृतीयांश. काळ्या गोळ्यातल्या तापमापीचा आकडा घ्या, त्याचा पाऊण. दोन्हींची बेरीज करा आणि वाऱ्याच्या वेगाच्या वर्गमुळाची दुप्पट वजा करा. उत्तर २५ ते ३० मध्ये आलं तर ठीक. साडेसत्तावीस सगळ्यात उत्तम.

करून बघू. ओलं तापमान २४, गोळ्याचं ३४, पंख्याचा वारा सेकंदाला एक मीटर. आठ अधिक साडेपंचवीस वजा दोन, म्हणजे साडेएकतीस. तेवढ्यात लाइट गेली. पंखा थांबला, वजा करायचे दोन गेले, उत्तर साडेतेहेतीस. खोलीतली माणसं कपाळ पुसू लागली. भिंतीवरचा तापमान सेन्सर मात्र मघाचाच आकडा दाखवतो आहे, कारण हवा तितकीच तापलेली आहे. ज्या गावात वीज जाते तिथे पंखा चालू आहे की बंद, एवढी साधी नोंद तापमानाच्या दशांश चिन्हापुढच्या अंकापेक्षा मोलाची ठरते, असं माझं मत आहे.

अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी याच्या पुढचं पाऊल टाकलं. अहमदाबाद, बंगळुरू, चेन्नई, दिल्ली आणि सिमला इथल्या १६ कार्यालयीन इमारतींमधून त्यांनी सहा हजारांवर उत्तरं गोळा केली. त्यातून जे सूत्र आलं ते पुढे राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत दाखल झालं. मर्म असं, की माणसाला बरं वाटणारं तापमान बाहेरच्या गेल्या महिनाभराच्या सरासरीबरोबर वर-खाली होतं. उघड्या खिडक्यांच्या इमारतीसाठी ती सरासरी ०.५४ ने गुणायची आणि त्यात १२.८३ मिळवायचे. येणाऱ्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना सुमारे २.४ अंशांची सूट. त्या पट्ट्यात दहापैकी नऊ जणांना चालतं, असा हिशोब.

तलवाड्यात जानेवारीची सरासरी २१ धरली, तर मध्य येतो २४ च्या जरा वर आणि पट्टा साधारण २२ ते साडेसव्वीस. मार्चअखेर सरासरी २९ वर गेली, तर मध्य साडेअठ्ठावीस आणि वरची हद्द जवळपास ३१. मार्चमध्ये ज्या ३० अंशांत मुलं निवांत गणितं सोडवतात, तेच ३० अंश जानेवारीत आले तर खिडक्या उघडायला धावतील. म्हणून लक्ष्य महिन्यागणिक सरकायला हवं.

आता अडचण. हे सूत्र बाहेरच्या ३१ अंशांच्या सरासरीपर्यंतच लागू आहे, कारण अभ्यासातला उघड्या इमारतींचा अनुभव तेवढाच होता. बीड जिल्ह्यात एप्रिल-मेची सरासरी त्याच्या वर जाते. ऐन गरजेच्या वेळी सूत्र हात टेकतं. पुढे तीच रेघ ताणत नेली, तर बाहेर जितकं तापेल तितकं आतलं चालेल, असं गणित निघत राहील. ते गणित मला मान्य नाही, आणि याचं कारण शरीरात आहे.

लोकांना विचारून ठरवायची पद्धत चांगली, पण ‘चालतंय’ या उत्तरात दोन माणसं बोलत असतात. एकाच्या अंगाला खरोखर सवय झालेली असते. दुसऱ्यापुढे पर्याय नसतो. ऊसतोडीला जाऊन चिपाडा-पाचटाच्या कोपीत सहा महिने काढून आलेल्या बाईला तुम्ही पत्र्याखाली बसवून ‘कसं वाटतंय’ विचारलं, तर ती तक्रार कशाला करेल? म्हणून इमारतीच्या लक्ष्यात दोन वेगळ्या रेषा लागतात. पहिली सुखाची: ती विचारून ठरवायची, महिन्याप्रमाणे सरकवायची. दुसरी धोक्याची: ती कुणाला विचारायची नाही आणि सवयीच्या नावाखाली वर ढकलायची नाही. घाम वाळला तरच शरीर थंड होतं, आणि घाम किती वाळेल हे ओल्या तापमानावर ठरतं. आपल्याकडच्या कारखान्यांच्या आदर्श नियमांत कामाच्या खोलीत, जमिनीपासून दीड मीटरवर, ओलं तापमान ३० अंशांच्या वर जाऊ नये असं म्हटलं आहे. ती हद्द धडधाकट कामगाराची आहे. तान्हं मूल, म्हातारी माणसं किंवा हृदयविकाराचा रुग्ण असेल तिथे रेषा खालीच हवी.

ओल्या तापमानाचं महत्त्व कूलरवर दिसतं. मेमधली दुपार, बाहेर ४२ अंश, आर्द्रता २० टक्के. ओलं तापमान २४ च्या आसपास. बऱ्यापैकी चालणारा कूलर अशा वेळी साडेएकोणतीस अंशांची हवा फेकतो आणि तिची आर्द्रता ६५ टक्क्यांच्या जवळ असते. आता जूनचा पहिला आठवडा घ्या; वळवाचा पाऊस पडून गेला आहे, बाहेर ३६ अंश, आर्द्रता ५० टक्के. तोच कूलर आता साधारण ३० अंशांची हवा देतो, पण तिची आर्द्रता ऐंशीच्या वर. तापमानाचा सेन्सर दोन्ही दिवशी जवळपास एकच आकडा दाखवेल. खोलीतली माणसं एका दिवशी डुलकी काढतील, दुसऱ्या दिवशी कूलर बंद करून अंगणात येतील. केवळ अंशांवर लक्ष्य बांधणाऱ्याला या दोन दिवसांतला फरक कधीच कळणार नाही.

मग छताचं प्रकरण. मराठवाड्यातलं जुनं घर माळवदाचं. दगडमातीच्या हात-दोन हात जाड भिंती, लाकडी तुळया, वर लाकडाचं आच्छादन आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. उजेडाला आणि धुराला वाट म्हणून ठेवलेलं साणं. एवढ्या जाडीतून दुपारचं ऊन आत पोचायला अर्धा दिवस लागतो, आणि पोचतं तोवर बाहेर गार झालेलं असतं. भर उन्हात आत शिरलं की डोळ्यांपुढे अंधारी आणि अंगाला गारवा, हा अनुभव जुन्या पिढीला आहे. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, कितीतरी जण याच जड छतांखाली आणि ढासळणाऱ्या दगडी भिंतींखाली. त्यानंतर मराठवाड्यात माळवदाखाली झोपायची भीती बसली. सिमेंटचा स्लॅब आणि पत्रा यांचा प्रसार आधीच सुरू होता, त्याला मोठा धक्का मिळाला. ज्यांनी गारवा सोडला त्यांनी तो जिवाच्या भीतीने सोडला. ‘जुनं ते सोनं’ म्हणत त्यांना नावं ठेवणारे लेख शहरात बसून लिहिणं सोपं आहे.

चार-पाच इंचांचा स्लॅब दुपारची उष्णता तीनेक तासांत खाली उतरवतो आणि रात्री उशिरापर्यंत सोडत राहतो. पत्र्याला तेवढाही दम नाही. ऊन पडलं की तापला, ढग आला की निवला. त्यामुळे स्लॅबच्या घरात धोक्याची वेळ दुपारी दोनची नसून रात्री दहाची असते. बाहेर वारा सुटलेला असतो आणि आत छत अजून धगधगत असतं, म्हणूनच तर सगळं गाव अंथरुणं घेऊन गच्चीवर जातं. जी देखरेख सकाळी दहा ते संध्याकाळी पाचच्या नोंदींवर लक्ष्य तपासते, तिला राहत्या घराबद्दल फार थोडं कळतं. रात्रीची झोप मोडली की दुसऱ्या दिवशीचं ऊन जास्त बाधतं, त्यामुळे घरासाठी रात्रीची रेषा वेगळी आणि खालची हवी.

तापलेलं छत अंगाला थेट भाजतं. मधल्या हवेचं तापमान मोजून ते सापडत नाही. हवा ३४ अंश आणि भोवतालचे पृष्ठभाग सरासरी ४२ अंश असतील, तर वारा मंद असताना अंगाला ३८ च्या आसपास जाणवतं. हे पकडायला काळा गोळा लागतो. प्रमाणित गोळा १५ सेंटिमीटरचा, तांब्याचा. पण मायकेल हम्फ्रीज या इंग्रज संशोधकाने १९७७ मध्ये दाखवलं, की खोलीतल्या कामाला टेबल टेनिसच्या चेंडूएवढा गोळा अधिक चांगला. आकार लहान असल्याने वाऱ्याचा परिणाम तो माणसाच्या अंगासारखाच टिपतो. चेंडूला काळा रंग द्यायचा, भोक पाडून आत तापमापक खुपसायचा. शाळेतली मुलं एका तासात करतील.

सेन्सर कुठे लावला याने आकडा बदलतो. बसलेल्या माणसासाठी जमिनीपासून सुमारे एक मीटरवर लावा, पश्चिमेच्या भिंतीवर नको, खिडकीच्या उन्हात नको, कूलरच्या तोंडाशी तर मुळीच नको. प्लास्टिकच्या बंद डबीत बसवलेलं उपकरण स्वतःच्याच उष्णतेने अर्धा-एक अंश जास्त दाखवतं. लावण्याआधी सगळे सेन्सर एका रात्री एकाच टेबलावर शेजारी शेजारी ठेवावेत आणि त्यांचे आपसांतले फरक लिहून घ्यावेत. आर्द्रतेची परीक्षा घरच्या मिठावर होते. वाटीत मीठ जेमतेम ओलं करून, सेन्सरसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलं, की काही तासांनी आत ७५ टक्के आर्द्रता स्थिरावते. उपकरण ६८ म्हणत असेल तर त्याची खोड कळली.

हवेच्या शुद्धतेचं लक्ष्य तुलनेने लवकर उरकतं. म्युनिकच्या माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्येच सांगितलं होतं, की खोलीतल्या कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण दहा लाखांत हजार भागांच्या वर गेलं तर हवा कोंदटली असं समजावं. आजही हाच आकडा वापरात आहे. बाहेरच्या हवेत ते प्रमाण आता सव्वाचारशेच्या आसपास आहे. तलवाड्यातल्या उघड्या वर्गात ही रेषा क्वचितच ओलांडली जाईल; एसी लावून दारं बंद केलेल्या संगणक कक्षात मात्र हमखास. धूर आणि धूळ हा वेगळा विषय. चूल पेटत असलेल्या स्वयंपाकघरात सूक्ष्म कणांचं प्रमाण देशाच्या ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर या चोवीस तासांच्या मर्यादेला सहज मागे टाकतं, आणि तिथे सेन्सरने काही नवीन कळत नाही. आधी चूल बदलायला हवी.

लक्ष्य ठरवताना वेळही ठरवावी लागते. उन्हाळ्यात जिल्हा परिषदेच्या शाळा सकाळी भरतात. सकाळच्या शाळेत रिकाम्या वर्गाचे दुपारचे ३८ अंश हिशोबात धरले, तर इमारत नापास होईल आणि त्याचा मुलांशी संबंध नसेल. उलट तीच इमारत निवडणुकीत दिवसभर मतदान केंद्र झाली, तर दुपारचेच तास खरे. माणसं असतील ते तास मोजायचे, आणि एका क्षणाच्या उडीवरून निष्कर्ष काढायचा नाही. पंधरा मिनिटांची सरासरी पुरेशी. विलायतेत उघड्या खिडक्यांच्या इमारतींसाठी एक पद्धत आहे: वापराच्या एकूण तासांपैकी तीन टक्क्यांहून जास्त तास सुखाच्या रेषेपलीकडे गेले, की इमारत तापते असं म्हणायचं. मराठवाड्यात तीन टक्के परवडणार नाहीत. पहिल्या उन्हाळ्यात नुसतं मोजून पाहावं आणि पुढच्या वर्षी त्यातले एक चतुर्थांश तास कमी करू, असं लक्ष्य घ्यावं. तसं लक्ष्य कागदावर कमी रुबाबदार दिसतं, पण गाठता येतं.

आणि विचारायचं कसं? आठवड्यातून एकदा, वेगवेगळ्या वेळी, दोनच प्रश्न. आत्ता कसं वाटतंय: फार उकडतंय, जरा उकडतंय, ठीक, जरा गार, फार गार? आणि आहे तसंच राहू दे, की अजून गार हवं? दुसरा प्रश्न टाळू नये. पहिल्याला ‘ठीक’ म्हणणारा दुसऱ्याला ‘गार हवं’ म्हणाला, तर तो सोसतो आहे हे तिथे कळतं. पाहुण्या साहेबांनी विचारलं की सगळेच ‘ठीक आहे, साहेब’ म्हणतात. त्यामुळे चिठ्ठ्या शिक्षकाच्या टेबलावर न ठेवता दाराशी पेटीत टाकाव्यात.

धोक्याची रेषा ओलांडली की कोण काय करणार, हे रेषेशेजारीच लिहून ठेवावं लागतं. अहमदाबादमध्ये २०१० च्या उष्म्याच्या लाटेनंतर एका महानगरपालिका रुग्णालयातल्या नवजात बालकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. बाहेरचं तापमान ४२ अंशांच्या वर गेल्यावर प्रत्येक वाढीव अंशामागे उष्णतेमुळे अतिदक्षता कक्षात येणाऱ्या तान्ह्या बाळांचं प्रमाण ४३ टक्क्यांनी वाढत होतं. प्रसूती कक्ष सगळ्यात वरच्या मजल्यावर, तापलेल्या गच्चीखाली होता. तो खालच्या मजल्यावर आणल्यावर हे प्रमाण ६४ टक्क्यांनी घटलं. ना एसी, ना नवी इमारत. खाटा खाली नेल्या. तलवाड्यासारख्या ठिकाणी बहुतेक सरकारी इमारती एकमजली असतात, तिथे खाली न्यायला मजलाच नाही. तिथल्या यादीत मार्चअखेरीस गच्चीला पांढऱ्या चुन्याचे दोन हात, पश्चिमेच्या खिडकीवर ताट्या, दुपारची तपासणी सकाळी आठला आणि पंख्याला इन्व्हर्टर येईल. आणि या प्रत्येक कामापुढे ते करणाऱ्याचं नाव व मोबाइल नंबर लिहिलेला असेल.